हरल्याचा एक गुण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात बर्फावरील हॉकी खेळणारा 'किंग्ज' नावाचा एक व्यावसायिक संघ आहे. २०११-१२ च्या हंगामात हा संघ ८२ सामने खेळला. त्यांपैकी ४० त्याने जिंकले, २७ ठरलेल्या साठ मिनिटांत गमावले आणि उरलेले १५ साठ मिनिटांपर्यंत बरोबरीत राखून नंतरच्या जादा वेळात किंवा त्याही पुढच्या शूटआउटमध्ये गमावले. गुणांची बेरीज झाली ९५. तेवढ्या गुणांच्या आधारावर आपल्या गटातील आठव्या, म्हणजे अगदी शेवटच्या, जागेवरून तो बाद फेरीत शिरला आणि एकेका बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास लोळवीत स्टॅन्ली चषक घेऊनच बाहेर पडला. पुढे तीन वर्षांनी, २०१४-१५ च्या हंगामात, हाच संघ पुन्हा ८२ सामने खेळला. जिंकले ४०, साठ मिनिटांत गमावले २७, नंतर गमावले १५. एका आकड्याचाही फरक नाही. गुण अर्थातच ९५. परंतु या खेपेस बाद फेरीचे दार त्याच्यापुढे बंद झाले. आणि तेही अशा वेळी की, आदल्याच वर्षी दुसऱ्यांदा चषक जिंकून तो विजेता म्हणून मिरवत होता.

यात कोणाची लबाडी नव्हती की कोणा पंचाची चूकही नव्हती. मग त्या ९५ या आकड्याचा अर्थ काय घ्यावयाचा? गुणतक्ता म्हणजे वर्षभराच्या पराक्रमाची नोंदवही, अशी आपली सर्वांची समजूत असते. ती नोंद कोणत्या मापाने होते आणि ते माप कसकसे बदलत आले, याची हकीकत मला आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटले की गवताचे मैदान डोळ्यांपुढे येते. तेव्हा या बर्फावरच्या हॉकीची तोंडओळख प्रथम करून दिली पाहिजे. कठड्यांनी वेढलेल्या बर्फाच्या पटांगणावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, गोलरक्षक धरून प्रत्येकी सहा गडी खेळतात. चेंडूच्या जागी रबराची जाड चकती असते. तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग मिळून साठ मिनिटांचा खेळ होतो. गोल थोडे होतात, त्यामुळे साठ मिनिटे संपली तरी दोन्ही संघ बरोबरीत आहेत, असे वारंवार घडते. आजच्या हकीकतीचे मूळ या एका गोष्टीत आहे. बरोबरीत सुटलेल्या सामन्याचे करावयाचे काय, हा प्रश्न या खेळाच्या चालकांना शंभर वर्षे सतावीत आला आहे.

उत्तर अमेरिकेतील प्रमुख संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग. जुन्या संघटनेतील मालकांच्या आपसांतल्या भांडणातून ती नोव्हेंबर १९१७ मध्ये मॉन्ट्रियल येथे जन्मास आली. आरंभी उत्तर सरळ होते. बरोबरी झाली की पुढे खेळत राहावयाचे. जो प्रथम गोल करील तो जिंकला. विजयाचे गुण दोन, पराभवाचे शून्य. १९२१-२२ पासून या जादा खेळास वीस मिनिटांची मर्यादा पडली, आणि तेवढ्यानेही निकाल न लागल्यास सामना अनिर्णित मानून दोघांस एकेक गुण द्यावयाचे ठरले. ओटावा व टोरोंटो यांच्यातला ११ फेब्रुवारी १९२२ चा सामना चार-चार गोलांवर राहिला. लीगच्या इतिहासातील ही पहिली बरोबरी होय. पुढे ती मर्यादा दहा मिनिटांवर आली, गोल झाला तरी ती दहा मिनिटे पुरी खेळावयाची, असाही नियम झाला. या फेरफारांत एक गोष्ट मात्र ढळली नाही. कोणताही सामना घ्या, त्यातून दोनच गुण बाहेर पडत. एकाला दोन, किंवा दोघांना एकेक. दोन भावांनी एक भाकरी वाटून घ्यावी तसा हा हिशेब होता. एकाने जास्त घेतले तर दुसऱ्याचे तेवढे कमी होई, आणि भाकरी काही वाढत नसे.

बाद फेरीची गोष्ट प्रथमपासूनच वेगळी. तेथे बरोबरी चालत नाही. निकाल लागेपर्यंत खेळावयाचे. २४ मार्च १९३६ च्या रात्री मॉन्ट्रियल येथे डेट्रॉइट रेड विंग्ज आणि मॉन्ट्रियल मरून्स यांचा सामना सुरू झाला. साठ मिनिटांत गोल नाही. वीस मिनिटांचा जादा भाग झाला, दुसरा झाला, तिसरा, चौथा, पाचवा झाला, तरी गोल नाही. मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. अखेर सहाव्या जादा भागात, एकंदर ११६ मिनिटे ३० सेकंद जादा खेळ झाल्यावर, मड ब्रुनेटो नावाच्या तरुण खेळाडूने पक जाळ्यात घातली आणि डेट्रॉइटने सामना एका गोलाने जिंकला. तेव्हा घड्याळात पहाटेचे अडीच वाजत आले होते. लीगमध्ये याहून लांब सामना आजपर्यंत झालेला नाही. ज्यांना हा खेळ जिवाभावाचा आहे, त्यांच्या मनातील निकालाची कल्पना ही अशी आहे: दम तुटेपर्यंत खेळा, पण खेळूनच ठरवा.

परंतु साखळीतील सामन्यांना एवढा वेळ कोण देणार? दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या गावी सामना असावयाचा. आणि येथेच इतिहासाने एक गंमत केली. दुसरे महायुद्ध चालू होते. रेल्वेगाड्यांवर सैन्याचा व सामग्रीचा भार होता आणि खेळाडूंसाठी गाडी खोळंबून ठेवणे आता शक्य नव्हते. तेव्हा २१ नोव्हेंबर १९४२ रोजी लीगने जादा वेळ बंद केल्याचे जाहीर केले. साठ मिनिटे झाली की सामना संपला. बरोबरी तर बरोबरी. १९४५ मध्ये युद्ध संपले, गाड्या वेळेवर धावू लागल्या, पुढे तर संघ विमानाने प्रवास करू लागले. परंतु गाडी चुकू नये म्हणून केलेला नियम तसाच राहिला. तो एक-दोन नव्हे, तब्बल ४१ वर्षे टिकला. सोवळ्यातल्या मांजरीवर टोपली झाकण्याची आपल्याकडची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

या ४१ वर्षांत बरोबरी ही तक्त्यातील मानाची रहिवासी होती. तिचा कळस १९६९-७० मध्ये झाला. फिलाडेल्फियाच्या फ्लायर्स संघाने त्या वर्षी ७६ सामन्यांपैकी २४ बरोबरीत सोडविले. हा विक्रम आजही अबाधित आहे, आणि आता बरोबरीच उरली नसल्यामुळे तो मोडण्याचीही भीती नाही. त्या २४ बरोबऱ्यांचे फळ काय मिळाले? फ्लायर्सचे गुण ५८ झाले, ओकलंडच्या सील्स संघाचेही ५८ झाले. फ्लायर्स ३५ सामने हरले होते, सील्स ४०. म्हणजे पराभव फ्लायर्सचे कमी. परंतु गुण समान झाल्यास विजय मोजावयाचे, असा नियम होता. सील्सचे विजय २२, फ्लायर्सचे १७. बाद फेरीत सील्स गेले.

त्याच हंगामात दुसऱ्या उपगटात याहून विलक्षण प्रसंग घडला. न्यूयॉर्क रेंजर्स आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हे चौथ्या जागेसाठी झगडत होते. कॅनेडियन्सनी मागली दोन्ही वर्षे चषक जिंकलेला. ५ एप्रिल १९७० हा साखळीचा अखेरचा दिवस. रेंजर्स दोन गुणांनी मागे होते. जिंकले तर गुण समान होणार, विजयही समान होणार, आणि मग वर्षभरात केलेले एकूण गोल मोजले जाणार. तेथेही रेंजर्स मागेच. तेव्हा दुपारी डेट्रॉइटविरुद्ध त्यांनी गोलांचा सपाटाच लावला. आघाडी हातात असतानाही गोलरक्षकास बाहेर बोलावून त्याच्या जागी आणखी एक हल्लेखोर उतरविला, आणि ९-५ असा सामना जिंकला. आता संध्याकाळी शिकागोत कॅनेडियन्सना एक तर पराभव टाळावयाचा, नाही तर निदान पाच गोल करावयाचे होते. तिसऱ्या भागात ते ५-२ असे मागे पडले. जिंकण्याची आशा गेली. उरली ती आणखी तीन गोलांची. त्यांनी गोलरक्षक काढून घेतला. पुढे जे झाले ते पाहवत नव्हते. शिकागोच्या खेळाडूंनी उघड्या जाळ्यात एकामागून एक पाच गोल घातले आणि सामना १०-२ वर संपला. दोन्ही संघांचे विजय ३८, पराभव २२, बरोबऱ्या १६, गुण ९२. गोल मात्र रेंजर्सचे २४६, कॅनेडियन्सचे २४४.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला नियम हा निव्वळ मोजण्याचा नियम राहत नाही. तो बर्फावर उतरतो आणि खेळाडूंना नाचवितो. कसे मोजणार हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या मोजणीला धरून खेळतो. आपल्या प्रो कबड्डीच्या पहिल्या अनेक हंगामांत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघास एक गुण मिळत असे. सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या चढाईत खेळाडू किती नेटाने बोनसची रेघ गाठू पाहत, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको.

१९८३-८४ मध्ये जादा वेळ परत आला, पाच मिनिटांचा. पहिला गोल करील तो जिंकला. पाच मिनिटांतही गोल न झाल्यास बरोबरी. हरणाऱ्याला काही नाही. म्हणजे सामन्याचे गुण अजूनही दोनच. परंतु लवकरच एक खोड दिसू लागली. साठ मिनिटे बरोबरीत काढलेल्या संघाच्या पदरात एक गुण जवळजवळ पडलेलाच असे. पुढच्या पाच मिनिटांत धाडस केले तर एक मिळण्याचा संभव, तसाच असलेला एक जाण्याचाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस कोण लागणार? शिक्षक खेळाडूंना सांगत, मागे राहा, सांभाळून खेळा. पाच मिनिटे तशीच सरून जात, आणि पैसे देऊन आलेला प्रेक्षक जांभया देत घरी जाई.

यावर १९९९-२००० मध्ये जो उपाय योजिला, तो आजच्या विषयाचा गाभा आहे. लीगने ठरविले की, साठ मिनिटे बरोबरीत काढली की दोघांचाही एकेक गुण पक्का; जादा वेळात हरला तरी तो कोणी काढून घेणार नाही. जो जिंकेल त्यास आणखी एक. शिवाय जादा वेळात गोलरक्षकाखेरीज प्रत्येकी पाचांऐवजी चारच गडी ठेवून पटांगण मोकळे केले. हेतू निर्मळ होता. गमावण्याची भीती काढून टाकली की संघ निर्भयपणे हल्ला करतील, हा तर्कही चुकीचा नव्हता. ती पाच मिनिटे खरोखरच रंगू लागली.

परंतु भीती म्हणजे पाणी. एका ठिकाणी बांध घातला की दुसरीकडून वाट काढते. ती आता शेवटच्या पाच मिनिटांतून निघून त्यांच्या आधीच्या दहा मिनिटांत जाऊन बसली. पहा, सामना दोन-दोन असा आहे आणि तिसऱ्या भागातील आठ मिनिटे राहिली आहेत. या आठ मिनिटांत निकाल लागला तर एकाला दोन गुण आणि दुसऱ्याला शून्य. न लागला तर दोघांना मिळून तीन. दोन पूर्ण अनोळखी व्यापारीसुद्धा अशा वेळी एकमेकांकडे पाहून समजून घेतील. त्यातून एक संघ पूर्व गटातला व दुसरा पश्चिम गटातला असेल, तर एकाच्या जादा गुणाने दुसऱ्याचे यत्किंचितही बिघडत नाही. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण येथे उलटी झाली: दोघांचा समेट, आणि जे तिसरे संघ त्या रात्री घरी बसून आकडे पाहत असतील त्यांचा तोटा. नव्या नियमानंतर साठ मिनिटांवर बरोबरीत येणाऱ्या सामन्यांचे प्रमाण वाढले, यात आश्चर्य काहीच नाही. कोणी उघड करार करीत नव्हते. करण्याची गरजच नव्हती.

मग आले २००५. मालक व खेळाडू यांच्यातील वेतनाच्या तंट्यामुळे २००४-०५ चा सबंध हंगाम बुडाला होता. दुरावलेला प्रेक्षक परत आणावयाचा होता, आणि त्याला 'निकाल नाही' असे सांगून घरी पाठविणे आता परवडणार नव्हते. म्हणून बरोबरी अजिबात रद्द झाली. जादा वेळातही गोल न झाल्यास शूटआउट: प्रत्येक संघाचे तीन खेळाडू पाळीपाळीने एकटे, पक घेऊन, प्रतिपक्षाच्या गोलरक्षकावर चालून जातात, त्यानेही न सुटल्यास पुढे एकेक जोडी. ५ ऑक्टोबर २००५ रोजी टोरोंटो येथे ओटावाने यजमानांस अशा रीतीने हरविले, आणि बरोबरीचा रकाना तक्त्यातून कायमचा गेला. त्याच्या जागी नवा रकाना आला, तो जादा वेळातल्या पराभवांचा. पराभव तर खरा, पण गुणासहित. आपल्याकडे सधवा आणि विधवा यांच्यामध्ये जशी तिसरी संज्ञा नाही, तशी याही खेळात आजवर नव्हती.

शूटआउट डोळ्यांना सुखवितो, हे मी मोकळेपणी कबूल करतो. लोक आसनांवरून उठून उभे राहतात. परंतु तो हॉकी नव्हे. हॉकीतील एका कौशल्याची परीक्षा आहे. गवयाचा जलसा रंगला, पण दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरेना, म्हणून अखेरीस दोघांना एकेक तान घ्यावयास सांगावे, त्यातला हा प्रकार. आणि त्यावर काय काय अवलंबून राहते ते पहा. ११ एप्रिल २०१० रोजी, साखळीच्या शेवटच्या दिवशी, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स समोरासमोर आले. दोघांचे गुण ८६. जिंकेल तो बाद फेरीत, हरेल तो घरी. साठ मिनिटे एक-एक, जादा वेळात काही नाही, मग शूटआउट. फिलाडेल्फियाच्या क्लॉड जिरूने गोल केला, रेंजर्सच्या ऑली योकिनेनचा फटका गोलरक्षक ब्रायन बूशेने अडविला, आणि ८२ सामन्यांचा हंगाम त्या एका अडवणुकीवर तुटला. ८८ आणि ८७. त्या एका गुणावर आत आलेला फिलाडेल्फियाचा संघ पुढे बॉस्टनविरुद्ध तीन सामने मागे असताना उलटला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. रेंजर्सनाही त्या रात्री हरल्याचा एक गुण मिळालाच होता. तो कोणाच्या उपयोगाचा होता, हे मला आजही कळलेले नाही.

आता थोडा हिशेब. तीस संघांच्या काळात साखळीत १२३० सामने होत. जुन्या रीतीने त्यांतून २४६० गुण निघाले असते आणि प्रत्येक संघास सरासरीने ८२ मिळाले असते. परंतु साधारण चार-पाच सामन्यांपैकी एक साठ मिनिटांपलीकडे जातो, आणि अशा प्रत्येक सामन्यात टांकसाळीतून एक नवे नाणे पडते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे अडीचशे ते तीनशे गुण अधिक. सरासरी नव्वदीच्या घरात गेली. ८२ गुणांचा संघ पूर्वी मध्यम समजला जाई. आता तो बराच खालचा. जो संघ आपण 'अर्ध्याहून वर' म्हणून फुशारकी मारतो, तो प्रत्यक्षात जिंकण्यापेक्षा हरलेला अधिक असू शकतो. २०११-१२ मध्ये फ्लॉरिडाच्या पँथर्स संघाने ३८ सामने जिंकले. २६ साठ मिनिटांत आणि १८ नंतर, मिळून ४४ गमावले. त्यांचे गुण ९४. वॉशिंग्टनने ४२ जिंकले, ३२ व ८ मिळून ४० गमावले, गुण ९२. उपगटाचे अजिंक्यपद फ्लॉरिडाकडे गेले, आणि त्या मानामुळे सबंध पूर्व गटात त्यांना तिसरा क्रमांक देण्यात आला. सहाव्या क्रमांकावर न्यू जर्सी होते, त्यांचे गुण १०२. या दोघांचीच पहिल्या फेरीत गाठ पडली, आणि न्यू जर्सीने ती सातव्या सामन्यात, जादा वेळात जिंकली.

नाणी वाढली म्हणजे त्यांची किंमत उतरते, हे अर्थशास्त्र येथेही लागू आहे. आणि किंग्जच्या ९५ गुणांनी एका वर्षी दार उघडावे व दुसऱ्या वर्षी ते उघडू नये, याचे कारण हेच. शेजाऱ्यांच्या थैलीत त्या वर्षी किती नाणी पडली, यावर आपल्या थैलीची किंमत. २०१४-१५ मध्ये कॅल्गरी ९७ गुणांनी आत गेले, विनिपेग ९९ गुणांनी. साठ मिनिटांत कॅल्गरी ३० सामने हरले होते, किंग्ज २७. किंग्जना मारले ते साठ मिनिटांनंतरच्या खेळाने. असे १८ सामने त्यांच्या वाट्यास आले आणि त्यांतले ते केवळ तीन जिंकले. येथे मात्र न्यायाने बोलले पाहिजे. कॅल्गरीचे विजय ४५ होते, किंग्जचे ४०. तेव्हा किंग्जवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्यांत मी नाही. उलट त्या पंधरा पराभवांनी दिलेल्या पंधरा गुणांवरच ते अखेरपर्यंत शर्यतीत टिकले होते.

शर्यतीत टिकणे, हाच या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य मुद्दा आहे. तक्ता दाट राहतो; मार्च महिन्यातही दहा-बारा शहरांतील लोक आशेने पटांगणे भरतात. खरे आहे. परंतु ही दाटी फसवी असते. समजा, एक संघ चार गुणांनी मागे आहे. तो आज जिंकला, दोन गुण मिळविले. पुढचा संघ आज हरला, पण जादा वेळात. अंतर दोनाने कमी व्हावयाचे ते एकानेच झाले. असे चार-सहा वेळा घडले की मागचा धावत राहतो आणि पुढचा हरत हरत पुढे राहतो. वेशीचा दीपस्तंभ दिसतो खरा, पण गाव काही येत नाही.

लीगलाही हे उमगले नाही असे नाही. २०१०-११ पासून गुण समान झाल्यास शूटआउटचे विजय वगळून बाकीचे मोजावयाचे ठरले. २०१९-२० पासून तर केवळ साठ मिनिटांतले विजय प्रथम मोजले जाऊ लागले. म्हणजे शूटआउटचा विजय आणि खरा विजय यांत अंतर आहे, हे लीगने आपल्याच तोंडाने मान्य केले. मात्र दोहोंना गुण पूर्वीप्रमाणे दोनच. २०१५-१६ मध्ये जादा वेळात गोलरक्षकाखेरीज तीनच गडी ठेवण्यात आले, त्यामुळे पुष्कळ सामने शूटआउटच्या आतच सुटू लागले. आणखीही एक चमत्कारिक कलम आहे. जादा वेळात गोलरक्षक काढून हल्ला चढविणारा संघ त्याच वेळी गोल खाऊन हरला, तर त्याचा तो पक्का गुणही जप्त होतो. ३० मार्च २०२४ रोजी मिनेसोटाच्या संघाने, एका गुणाने आपले भागणार नाही हे ओळखून, व्हेगासविरुद्ध हे धाडस केले. गोल झाला व्हेगासचा. दोन गुणांसाठी धावलेल्या त्या संघाची नोंद शून्य गुणांनी झाली. निर्भयपणासाठी निर्माण केलेल्या नियमात, खरोखर निर्भय झालेल्यासाठीच दंड राखून ठेवला आहे.

दुसरा मार्ग नाही असेही नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ च्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक सामना तीन गुणांचा केला: साठ मिनिटांत जिंकल्यास तीन, नंतर जिंकल्यास दोन, नंतर हरल्यास एक, साठ मिनिटांत हरल्यास शून्य. स्वीडन, फिनलंड, जर्मनी येथील लीगही याच हिशेबाने चालतात. सामना केव्हाही संपो, भाकरी तीनच तुकड्यांची. १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिका व कॅनडा यांतील सहा संघ घेऊन स्त्रियांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, तिनेही पहिल्या दिवसापासून हीच रीत घेतली. तिच्यापुढे जुन्या नोंदवह्या नव्हत्या, हेही खरे. नॅशनल हॉकी लीगमध्ये हा विषय वेळोवेळी निघाला आणि मागे पडला. जुन्या विक्रमांशी तुलना बिघडेल, असेही एक कारण त्यावर पुढे केले जाते. ही तुलना केव्हाच बिघडून गेली आहे. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी १९७६-७७ मध्ये ८० सामन्यांत १३२ गुण केले. विजय ६०, पराभव ८, बरोबऱ्या १२. ते साठही विजय साठ मिनिटांतले, आणि त्या बारा बरोबऱ्यांपैकी एकीतही दुसरा गुण मिळविण्याची संधी त्यांना नव्हती. २०२२-२३ मध्ये बॉस्टनने ८२ सामन्यांत १३५ करून तो विक्रम मोडला. त्यांच्या ६५ विजयांत जादा वेळाचे व शूटआउटचेही आहेत, आणि १२ पराभवांखेरीजच्या आणखी पाच पराभवांनी त्यांना पाच गुण दिले आहेत. बॉस्टनचा संघ थोर होता. परंतु ही दोन मापे एका रेषेत लावून कोण मोठा हे सांगणे, म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करणे होय.

किंग्जची हकीकत अर्धी सोडली होती, ती पुरी करतो. ९ एप्रिल २०१५ रोजी ते कॅल्गरीस गेले. साखळीचा त्यांचा हा शेवटून दुसरा सामना. हरले तर सारे संपणार होते. त्या रात्री जादा वेळ लागला नाही, शूटआउटही झाले नाही. साठ मिनिटांत कॅल्गरीने त्यांना ३-१ असे हरविले. दोन दिवसांनी त्यांनी आपला शेवटचा सामना जिंकला, दोन गुण मिळविले, आणि बेरीज ९५ झाली.